छोट्या इंजिनाचा भरवसा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





अशा प्रसंगी वक्त्याने तालीम, चारित्र्य आणि समाजाची प्रगती या विषयांवर बोलावे अशी प्रथा आहे. मलाही तालमीवरच बोलावयाचे आहे; पण माझी वाट गॅरेजमधून जाते, म्हणून मी आज मोटारीच्या एका लहानशा इंजिनाविषयी बोलणार आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांचा चरितार्थ टॅक्सी, रिक्षा, टेंपो आणि गॅरेज यांवर चालतो. आपल्या मुलांचे हात पान्याला लवकर लागतात. त्या हातांत पुस्तकही असावे की नसावे, हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे. त्याचे उत्तर मला एका इंजिनाने दिले. ते कसे, एवढेच मी आपणांस सांगणार आहे.

हे इंजिन आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचे इंजिन मूळचे जपानच्या सुझुकी कंपनीचे. कारखान्यातले त्याचे नाव 'एफ ८ बी'. मारुती व्हॅनला, म्हणजे जिला पुढे ओम्नी म्हणू लागले तिलाही हेच इंजिन होते. आपल्यापैकी अनेक मुले त्याच व्हॅनमधून शाळेत गेली असतील.

ही गाडी आली तेव्हा रस्त्यावर अँबॅसडर होती आणि आपल्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी होती. अँबॅसडरचे इंजिन १४८९ सीसीचे, पद्मिनीचे १०८९ सीसीचे; दोन्ही चार सिलिंडरची. त्यांच्यापुढे हे तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे इंजिन पाहून जुनी माणसे हसत. "हे खेळणे किती दिवस टिकणार?" असे विचारत. ते टिकले. दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेली इंजिने मी स्वतः उघडली आहेत. आणि चाळीस हजारांवर निकामी झालेलीही मी उघडली आहेत. एकाच साच्याची, एकाच कारखान्याची इंजिने. मग एवढा फरक का पडावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी त्या इंजिनाची मापे पाहू.

गाडीबरोबर जे पुस्तक मिळते त्यात एका पानावर हे आकडे असतात:

सिलिंडर : ३, एका रांगेत
बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास : ६८.५ मिलिमीटर
स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एक खेप : ७२ मिलिमीटर
क्षमता : ७९६ घन सेंटिमीटर
दाबाचे प्रमाण : ८.७ : १
ताकद : ३७ अश्वशक्ती, मिनिटाला ५००० फेऱ्यांवर
टॉर्क : ५९ न्यूटन-मीटर, मिनिटाला २५०० फेऱ्यांवर

(शेवटचे दोन आकडे नंतरच्या इंजेक्शनवाल्या इंजिनाचे आहेत, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या इंजिनाचे थोडे निराळे होते.)

गाडी विकत घेणारा हे पान बहुधा उलटून टाकतो. गॅरेजमधला मुलगाही ते वाचत नाही. वाचता आले तरी त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असे त्याला वाटत नाही. विद्यार्थी मित्रांनो, आज आपण ते मिळून वाचू. यासाठी आठवी-नववीच्या गणितापेक्षा अधिक काही लागत नाही.

वर्तुळाचे क्षेत्रफळ आपण शिकला आहात. ६८.५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ येते सुमारे ३६.८५ चौरस सेंटिमीटर. पिस्टन, ज्याला शास्त्राच्या पुस्तकात दट्ट्या म्हणतात, तो त्यात ७.२ सेंटिमीटर खाली-वर करतो. गुणाकार करा : २६५.३ घन सेंटिमीटर. सिलिंडर तीन, म्हणून तीनने गुणा : ७९६. मोटारीच्या पाठीमागे '८००' लिहिले जाई ते याच गुणाकारावरून. फळ्यावर सिलिंडरचे घनफळ काढताना "याचा उपयोग काय?" असे ज्याने मनात विचारले असेल, त्याला हे उत्तर आहे.

आता दाबाचे प्रमाण घेऊ. पिस्टन अगदी वर गेला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण त्या जागेत दाबले जाते आणि तेथे ठिणगी पडते. ८.७ : १ याचा अर्थ, खाली असताना जेवढी जागा होती तिच्या ८.७ व्या हिश्शात मिश्रण दाबले गेले. हिशेब केला तर ही वरची जागा येते साधारण साडेचौतीस घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या लहान पेल्याच्या अर्ध्याहूनही कमी. समजा, या जागेत काजळी साठून दोन घन सेंटिमीटर जागा अडली. किंवा हेड घासून सपाट करताना कारागिराने अर्धा मिलिमीटर जास्त घासले. प्रमाण ८.७ वरून ९ च्या पुढे जाते. चढावर इंजिन ठोका देऊ लागते, मिश्रण वेळेआधी आणि वेडेवाकडे पेटते, आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडे बसू लागतात. मालक म्हणतो, "पेट्रोल खराब आहे." पुष्कळदा चूक त्या अर्ध्या मिलिमीटरची असते.

टॉर्कचा आकडा समजून घेणे तर फारच सोपे आहे. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सहा किलोचे वजन टांगले तर नटावर जो पीळ बसेल, तो झाला सुमारे ५९ न्यूटन-मीटर. एवढ्याशा पिळावर साडेसहाशे किलोची गाडी आणि तिच्यातली माणसे चालतात, कारण तो पीळ मिनिटाला हजारो वेळा फिरतो. २५०० फेऱ्यांवर इंजिनाची ताकद असते साधारण २१ अश्वशक्ती. ५००० फेऱ्यांवर पीळ थोडा कमी होतो, सुमारे ५३ पर्यंत उतरतो. पण फेऱ्या दुप्पट झाल्यामुळे ताकद ३७ वर जाते. ज्या ड्रायव्हरला हे समजले तो घाटात टॉपमध्ये इंजिन गुदमरवीत चढत नाही. तो वेळीच गिअर खाली घेतो आणि फेऱ्या राखतो. इंजिन रडत असताना पाय दाबून धरणारा ड्रायव्हर पेट्रोलही जाळतो आणि बेअरिंगही.

आता भरवशाकडे वळू. इंजिन भरवशाचे आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्याकडून किती काम मागतो, याचा कधी विचार करीत नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालले आहे असे धरा. पिस्टन एका फेरीत एकदा खाली आणि एकदा वर, म्हणजे १४४ मिलिमीटर चालतो. मिनिटाला झाले ४३२ मीटर. तासाला सुमारे २६ किलोमीटर. गाडी रस्त्यावर धावते तेव्हा तो पिस्टन आपल्या वीतभर नळीत प्रत्येक तासाला २६ किलोमीटर धावत असतो, आणि दर फेरीत दोनदा थांबून दिशा बदलत असतो. प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो आणि मिटतो. गाडी सरासरी ताशी चाळीसने एक लाख किलोमीटर गेली तर झाले अडीच हजार तास. या वेगाने क्रँकच्या फेऱ्या होतात ४५ कोटी. त्यांतल्या एकाही फेरीत सुटी नाही.

एवढे काम हे लहानसे इंजिन कसे करी? पहिले कारण, त्यात भाग कमी होते. तीन पिस्टन, तीन प्लग, सहा व्हॉल्व्ह आणि वर एकच कॅमशाफ्ट. याचे एक सुंदर गणित आहे. समजा, एखाद्या यंत्रात दहा भाग आहेत आणि प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची खात्री शंभरात नव्व्याण्णव आहे. एकही भाग बिघडला तर यंत्र थांबते. मग सारे यंत्र वर्षभर चालण्याची खात्री किती? आपण म्हणाल, नव्व्याण्णव. नाही. ०.९९ ला दहा वेळा गुणावे लागते. उत्तर येते सुमारे ९० टक्के. आणि भाग शंभर असतील तर? अवघे ३७ टक्के! प्रत्येक भाग नव्व्याण्णव टक्के चांगला असूनही यंत्र तीन वेळांपैकी जवळजवळ दोनदा दगा देणार. तेच, प्रत्येक भागाची खात्री ९९.९ पर्यंत नेली तर शंभर भागांचे यंत्रही पुन्हा ९० टक्क्यांवर येते. म्हणून भाग कमी ठेवणे आणि प्रत्येक भागात तो शेवटचा दशांश सांभाळणे, या दोन गोष्टींवर भरवसा उभा असतो. "चालतंय की!" हे वाक्य नव्व्याण्णववर थांबलेल्या माणसाचे आहे.

दुसरे कारण, हे भाग मापात ठेवता येत होते. आणि येथेच चाळीस हजारांवर मेलेल्या इंजिनाचे रहस्य आहे. छोटे इंजिन काटक असते, पण त्याच्याजवळ शिल्लक फारशी नसते. त्याच्या पोटात तेल असते तीन लिटरच्या आतबाहेर. मोठ्या ट्रकच्या इंजिनात अर्धा लिटर तेल कमी झाले तर त्याला पत्ता लागत नाही. येथे अर्धा लिटर म्हणजे सहावा हिस्सा गेला. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट केसापेक्षा बारीक असते. तेथे तेलाचा पातळ पडदा असतो तोवर धातू धातूला लागत नाही. तेल काळे, पातळ, कचरा मिसळलेले झाले की तो पडदा फाटतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. सिलिंडरमध्ये मिश्रण पेटते त्या क्षणी तेथील वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. मग हेड वितळत का नाही? त्याच्या पोटातून पाणी फिरते आणि उष्णता रेडिएटरकडे वाहून नेते म्हणून. पाच-पन्नास रुपयांचा रबरी पाइप चिरला, पाणी गळाले, काटा वर चढला, ड्रायव्हर म्हणाला, "आता घर जवळच आहे." त्या शेवटच्या चार किलोमीटरांत हेड तापून वाकते. कागदाच्या जाडीएवढे वाकले तरी पुरते. मग गॅस्केट उडते, पाणी तेलात मिसळते, तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो, आणि तसेच चालविले तर बेअरिंग जाते. पाइपापासून क्रँकपर्यंत ही एकच साखळी आहे. पहिल्या कडीला किंमत असते पन्नास रुपयांची, शेवटच्या कडीला काही हजारांची.

तिसरी गोष्ट टायमिंग बेल्टची. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमशाफ्टची एक फेरी झाली पाहिजे. हे नाते दात असलेला एक रबरी पट्टा सांभाळतो. तो तुटण्यापूर्वी आवाज करीत नाही, धूर सोडीत नाही. म्हणून तो तुटण्याची वाट पाहावयाची नसते. पुस्तकात दिलेल्या किलोमीटरवर, चांगला दिसत असला तरी, बदलावयाचा असतो. जे दुखणे आधी दिसत नाही त्याची तारीख लिहून ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

आता मी आपणांस एक प्रसंग सांगतो. १९९० च्या सुमारास मी दहावी पास होऊन तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागलो. अब्बांचे म्हणणे होते, "शिकून कोण नोकरी देतो? हुनर हातात असेल तर उपाशी मरणार नाहीस." त्यांचे चुकले होते असे मी म्हणत नाही, घरात खाणारी तोंडे सात होती. आमचे उस्ताद हाताचे अत्यंत कुशल होते. डोळे मिटून आवाजावरून ते टॅपेट सांगत. सचोटी तर अशी की गिऱ्हाइकाचा जुना पार्ट कापडात बांधून परत देत.

त्यांच्याकडे मुलांना शाळेत नेणारी एक व्हॅन आली. हेड गॅस्केट उडाले होते. उस्तादांनी नवे गॅस्केट घातले, हेडचे बोल्ट अंदाजाने आवळले, वर पान्याला पाइप लावून आणखी एकेक हिसका दिला. पंधरा दिवसांत व्हॅन परत. पुन्हा नवे गॅस्केट, आणखी जोराचा हिसका. एप्रिलमधल्या एका दुपारी ती व्हॅन चढावर वाफ सोडत बंद पडली. आत नऊ मुले होती. पाण्याचा पाइप सुटून उकळते पाणी बाहेर पडले. अल्लाहची मेहरबानी म्हणून कोणाला भाजले नाही. पण व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखालीच असते, हे आपण जाणता. मुलांना भर उन्हात दोन तास रस्त्याच्या कडेला बसावे लागले. त्यांत उस्तादांची धाकटी मुलगीही होती.

त्या संध्याकाळी उस्ताद कोणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते शहरातून कोणाकडून तरी कंपनीचे दुरुस्तीचे पुस्तक मागून घेऊन आले. इंग्रजी पुस्तक. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बेटा, तू मॅट्रिक आहेस ना? हे काय लिहिले आहे ते मला सांग."

माझे इंग्रजी बेताचेच होते. शब्दकोश शेजारी ठेवून मी दोन रात्री ते एक प्रकरण वाचले. त्यात लिहिले होते की हेड बसवण्यापूर्वी त्यावर पोलादी सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज घालून पाहावे. ठरलेल्या मापापेक्षा अधिक फट असेल तर हेड वाकले आहे असे समजावे. बोल्ट एकदम आवळू नयेत. मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जावे आणि हा क्रम टप्प्याटप्प्याने पुन्हा करावा. शेवटचा पीळ किती हवा त्याचा आकडा होता आणि तो टॉर्क रेंचने मोजावयाचा होता. आमच्या गॅरेजमध्ये टॉर्क रेंच नव्हता. सरळ पट्टीही नव्हती.

आम्ही दोन्ही वस्तू मागून आणल्या. पट्टी ठेवली तर हेड मधोमध वाकलेले. दोनदा नवे गॅस्केट घातले तरी ते टिकणार कसे? हेड सपाट करून आणले, क्रमाने आणि मापाने बोल्ट आवळले. त्यानंतर ती व्हॅन त्या दुखण्यासाठी परत आली नाही. उस्तादांनी दोन्ही वेळच्या गॅस्केटचे पैसे मालकाला परत केले आणि मला म्हणाले, "माझा हात वाईट नव्हता रे. पण हाताला माप कोणी शिकवलेच नाही." पुढच्या जूनमध्ये त्यांनीच अब्बांची समजूत घालून मला आय.टी.आय.मध्ये पाठविले. सकाळी वर्ग आणि संध्याकाळी गॅरेज, अशी दोन वर्षे काढली.

मित्रांनो, ज्या वारशाचा आपण व्यासपीठांवरून अभिमानाने उल्लेख करतो त्यात अल-जझरी नावाचा एक थोर कारागीर होऊन गेला. दियारबकीर येथील अर्तुकी राजांच्या पदरी तो होता. इ. स. १२०६ मध्ये त्याने आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात पाणी उपसण्याचा एक पंप आहे : फिरणाऱ्या चाकाच्या गतीने दोन पिस्टन आळीपाळीने पुढे-मागे सरकतात. आपल्या इंजिनात पिस्टनची ये-जा क्रँकला फिरवते. त्याने फिरत्या गतीपासून ये-जा मिळविली होती. पण मला त्याची थोरवी दुसऱ्याच गोष्टीत वाटते. त्याने मापे लिहून ठेवली. कोणता भाग केवढा, कसा घडवावा, कसा जोडावा, हे त्याने अशा रीतीने लिहिले की दुसऱ्या कारागिराला ते यंत्र करता यावे. त्याचे हुनर त्याच्याबरोबर कबरीत गेले नाही. आपल्या गॅरेजांमधून मात्र किती उस्तादांचे हुनर कागदावर न उतरता संपून गेले, याचा विचार आपणच करावा.

आता पालकांना दोन शब्द. दरवर्षी कोणी ना कोणी पालक मला येऊन सांगतात, "मुलाचे शाळेत मन लागत नाही, हाताने हुशार आहे, नववीतून काढून तुमच्याकडे देतो." मी त्यांना नम्रपणे सांगतो : मुलाला गॅरेजमध्ये जरूर पाठवा, सुटीत पाठवा, पण दहावी होऊ द्या. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये 'मेकॅनिक मोटार व्हेईकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुढे १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी आहे, तीत शिकता शिकता विद्यावेतन मिळते. मुलींनाही हे दार उघडे आहे. फिलर गेज धरायला मनगटाच्या जोरापेक्षा स्थिर हात आणि नीट नजर लागते. नववीतून काढलेला मुलगा आणि आय.टी.आय. झालेला मुलगा पहिली दोन वर्षे सारखेच दिसतील. कदाचित पहिला दोन पैसे अधिक आणील. पाचव्या वर्षी फरक दिसेल आणि तो जन्मभर राहील.

आज तर हे अधिकच खरे आहे. ज्या इंजिनाची गोष्ट मी सांगितली ते आता बनत नाही. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांसह तेरा शहरांत धुराचे नवे नियम लागू झाले आणि ही गाडी तेथे विकणे बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून साऱ्या देशात भारत स्टेज सहा आला. आता इंजिनाचे दुखणे स्कॅनरच्या पडद्यावर अक्षर-आकड्यांच्या कोडमध्ये दिसते. केवळ कानावर विसंबणाऱ्या उस्तादाला ती गाडी काहीच सांगत नाही. विजेवरच्या गाड्याही आल्या. त्यांत पिस्टन नाही, पण व्होल्ट आणि ॲम्पियर आहेत, आणि तेथे अंदाजाने हात घालणे जिवावर बेतते. जुने इंजिन अशिक्षित हाताला एखादी चूक माफ करीत असे. नवी यंत्रे ती करीत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, आपणांस मी घरी करण्यासारखे एक काम देतो. वडिलांची, चाचांची किंवा शेजाऱ्यांची जी गाडी असेल, मोटार, रिक्षा किंवा मोटारसायकल, तिच्यासाठी एक साधी वही करा. पहिल्या पानावर गाडीच्या पुस्तकातून तिची मापे उतरवून घ्या : क्षमता, तेल किती आणि कोणत्या प्रतीचे, प्लगची फट, टायरमधली हवा. ऐकीव आकडा लिहू नका, पुस्तकातलाच लिहा. पुढच्या पानांवर तारीख, किलोमीटर आणि केलेले काम लिहीत जा. मोटार असेल तर आठवड्यातून एकदा सकाळी इंजिन थंड असताना तेलाची पट्टी काढून पाहा, पाण्याची बाटली पाहा. जमिनीवर डाग दिसला तर तो तेलाचा की पाण्याचा ते ओळखा. वाटेत तापमानाचा काटा वर गेला तर घर कितीही जवळ असले तरी गाडी थांबवा, आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. सहा महिन्यांनी ती वही वाचा. तेल किती दिवसांत किती कमी होते, पेट्रोल कधी जास्त लागले, हे तुम्हांला तोंडपाठ झालेले असेल. मग गॅरेजमध्ये वडिलांबरोबर जाल तेव्हा "काहीतरी आवाज येतोय" असे मोघम सांगणार नाही.

उंटाचा पाय आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मला वाटते, गाडीला किल्ली लावून "बिस्मिल्लाह" म्हणण्यापूर्वी तेलाची पट्टी पाहणे हे त्या शिकवणीतच बसते. दुरुस्तीला आलेली गाडी ही अमानत असते आणि तिच्यात बसणारी मुले ही त्याहून मोठी अमानत. आमच्या उस्तादांची नियत साफ होती, हात कुशल होता. तरीही नऊ मुले त्या दुपारी उन्हात बसली. उणे होते ते एका छापील पानाचे ज्ञान. ते पान वाचू शकेल असा मुलगा प्रत्येक गॅरेजमध्ये असावा, एवढ्यासाठी ही संस्था, हे वर्ग आणि आपण सर्वांनी दिलेला पैसा आहे, असे मी मानतो.

माझे उस्ताद आज हयात नाहीत. मागून आणलेला तो टॉर्क रेंच परत केल्यावर त्यांनी महिनाभर पैसे साठवून स्वतःचा विकत घेतला होता. अखेरच्या दिवसांत तो त्यांनी मला दिला. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी तोच मुलांच्या हातात देतो आणि हेडच्या बोल्टचा आकडा पुस्तकातून मोठ्याने वाचायला लावतो. मगच बोल्टला हात लावू देतो.